उमेदवार कोणाचा कोण?

(हिंगोली येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपला शेतकरी काय करतो हें आम्हीं तुम्हांला सांगावें असें नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि तेवढ्यानेंही मन भरलें नाहीं तर ज्या गांवाहून बैल आला त्या गांवीं माणूस पाठवून विचारतो कीं, बाबा, हा औताला बसतो कीं काय? सोयरीक जुळवितांना तर मुलाच्या मामाच्या मामापर्यंत चौकशी जाते. पण ज्याच्या हातीं पांच वर्षें आपल्या नळाचें पाणी, गटाराची घाण, दिवाबत्ती, बाजारांत बसावयाची जागा आणि घरपट्टी जावयाची, त्या नगरपरिषदेच्या उमेदवाराविषयीं आपण एकच प्रश्न विचारतों : "कोणाचा आहे?"

या प्रश्नाचीं उत्तरेंही ठरलेलीं. अमक्या जातीचा आहे. तमक्या पुढाऱ्याचा आहे. दोन टिप्पर आहेत, हात सैल आहे, खर्च करणारा आहे. झालें! पुढें चौकांत त्याचा हात जोडलेला फलक लागतो आणि त्यावर 'भावी नगरसेवक' अशीं हातभर अक्षरें असतात. शाळेंत आम्ही मुलांना तीन काळ शिकवितों. या फलकावर मात्र एकच काळ असतो. भावी काय तें कळलें. पण कालपर्यंत हे गृहस्थ काय करीत होते, हें कोठेंच लिहिलेलें नसतें.

आम्ही पडलों शिक्षक. कोणाला मत द्यावें हें सांगण्याचा आम्हांला अधिकार नाहीं, आणि मतदानाच्या दिवशीं तुमच्या बोटाला शाई लावावयास बहुधा आमच्यापैकींच कोणी बसलेला असतो. पण उमेदवाराची मागची हकीकत कशी वाचावी हें सांगण्यास कोणाची हरकत नसावी. त्यासाठीं हिंगोलींतल्या कोणाही उमेदवाराचें नांव आम्ही घेणार नाहीं. पुण्याच्या म्युनिसिपालिटींत १८७६ सालीं एक सभासद बसले, त्यांची हकीकत सांगतों. त्यांचें नांव जोतीराव गोविंदराव फुले.

तुम्ही म्हणाल, महात्मा फुल्यांची गोष्ट कोणाला ठाऊक नाहीं? दर ११ एप्रिलला हार घालतों. हार घालतां हें खरें. पण हा मनुष्य सहा-सात वर्षें नगराच्या कारभारांत बसत होता, आणि तेथें त्यानें काय केलें, हें हार घालणाऱ्या पुष्कळांना सांगतां येत नाहीं.

एक गोष्ट आधींच स्वच्छ सांगितली पाहिजे. जोतीरावांना लोकांनीं मतें देऊन निवडलें नव्हतें. त्या काळीं सभासद सरकार नेमी. स्थानिक स्वराज्याविषयींचा लॉर्ड रिपन यांचा ठराव मे १८८२ मधला. त्यानंतर पट्टी भरणाऱ्या थोड्या लोकांना हळूहळू मत मिळूं लागलें. जात, जमीन, पट्टी कांहीं एक न पाहतां प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत, ही गोष्ट १९५० च्या घटनेची. आपल्या मराठवाड्यांत तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचेंच राज्य होतें. तेव्हां आज जें मत तुम्ही उगाच पडूं देतां, तें जोतीरावांच्या शेजाऱ्यांच्या हातीं नव्हतेंच.

सरकारनें नेमलेला माणूस सरकारच्या तोंडाकडे पाहून हात वर करील, असें कोणालाही वाटावें. तसें झालें नाहीं. कां झालें नाहीं हें कळावयास हा मनुष्य त्या खुर्चीपर्यंत कोणत्या वाटेनें आला तें पाहिलें पाहिजे.

घराणें माळ्याचें. मूळ गांव सातारा जिल्ह्यांतलें कटगुण, मूळ आडनांव गोऱ्हे. पुण्यांत फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. आई लहानपणींच गेली, सगुणाबाईंनीं वाढविलें. मुलगा शाळेंत घातला, पण माळ्याच्या पोराला विद्या कशाला, असें लोकांनीं बापाच्या मनांत भरविलें आणि गोविंदरावांनीं त्याला शाळेंतून काढून मळ्यांत लावलें. पुढें शेजारच्या दोन भल्या माणसांनीं, गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनीं, बापाची समजूत घातली तेव्हां तो पुन्हां स्कॉटिश मिशनच्या शाळेंत बसला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती! आम्ही शिक्षक आहोंत म्हणून सांगतों, आमच्या खेड्यांत आजही कापूस वेंचणीच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे होतात, आणि तीं मुलें परत आणावयास मुन्शी आणि लिजिट दर वेळीं भेटतातच असें नाहीं.

१८४८ सालीं भिड्यांच्या वाड्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली. शिकवावयास सावित्रीबाई. दुसऱ्याच वर्षीं, लोकांच्या बोलण्याला भिऊन, बापानें मुलाला व सुनेला घराबाहेर काढलें. उस्मान शेख यांनीं आपल्या घरीं जागा दिली. तेव्हां जोतीरावांचें वय बावीस. हातीं पद नव्हतें, मागें पक्ष नव्हता, पुढें कोठली निवडणूक नव्हती. म्युनिसिपालिटी तर अजून सत्तावीस वर्षें लांब होती. उमेदवाराची पार्श्वभूमि म्हणून आम्ही म्हणतों ती ही. पदाचा वासही नसतांना माणसानें काय केलें, आणि त्यापायीं त्याचें काय गेलें?

पोट कशावर भरीत? शाळांवर नव्हे. ते कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरविला, धातू ओतण्याच्या साहित्याचा व्यापार केला, मांजरीला शेती केली. कंत्राटदार म्हटल्याबरोबर तुम्हीं एकमेकांकडे पाहिलेंत तें आमच्या लक्षांत आलें! आजच्या कारभारांत हा शब्द विटला आहे. पण कंत्राटदारी हा घामाचा धंदा आहे. गवंडी, वडार, बेलदार यांच्याशीं रोज गांठ पडते आणि बांधकामाच्या हिशेबांत पैसा कोणत्या भोंकांतून गळतो हें स्वच्छ दिसतें. जोतीरावांनीं तें पाहिलें, आणि इंजिनियर खात्यांतल्या लबाडीवर उघड पवाडा रचला. ज्या खात्याकडून बिलें मिळावयाचीं त्याच खात्याविरुद्ध बोलणारा कंत्राटदार आपल्या ओळखीचा कोणी असेल तर आम्हांलाही दाखवा.

आणि मग १८६८ सालचा हौद. जोतीरावांनीं आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ज्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर स्वतःच्या हातानें भांडें बुडवितां येत नव्हतें, कोणी वरून ओतील तेव्हां पाणी, अशीं माणसें त्या घरीं येऊन पाणी नेऊं लागलीं. घर आपलें, पाणी आपलें. त्याला ना ठराव लागला, ना अनुदान, ना उद्घाटनाला पाहुणा. जातवाल्यांचा रोष तेवढा पदरांत पडला.

ही गोष्ट केवढी होती हें कळण्यासाठीं महाडकडे पाहा. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांना खुलें असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह जाऊन तें पाणी प्याले, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला! पुढें हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें. म्हणजे जें काम एका माणसानें आपल्या अंगणांत एका दिवसांत केलें, त्याला सभासदांनीं भरलेल्या सभागृहाला तेरा वर्षें पुरलीं नाहींत. नगराच्या खुर्च्यांवर कोण बसतो यानें आपल्या घागरींत फरक पडतो तो असा.

आतां खुर्चीवर बसल्यावर काय केलें तें ऐका.

जुलै १८८० मध्यें जोतीरावांनीं म्युनिसिपालिटीच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना, प्लंकेट साहेबांना, दारूच्या दुकानांविषयीं पत्र लिहिलें. शहरांत ठिकठिकाणीं गुत्ते निघत होते. त्यांचें म्हणणें असें कीं, म्युनिसिपालिटी एकीकडे लोकांच्या आरोग्यासाठीं पैसा खर्च करते आणि दुसरीकडे वस्तींत दारू उघडी विकली जाते, ज्यानें घरेंच्या घरें बुडतात. दारूवर सरकारला उत्पन्न होतें हें सरकारनें नेमलेल्या सभासदाला ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरी लिहिलें.

त्याच वर्षींची दुसरी गोष्ट. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठीं, कमानी उभारून शहर शृंगारण्यासाठीं, एक हजार रुपये मंजूर करावे असा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा पुण्यांतल्या गरिबांच्या शिक्षणाला लावा. सभासद होते बत्तीस. ठराव मंजूर झाला. विरुद्ध मत पडलें एकच, तें जोतीरावांचें.

आम्ही या एका मतावर थोडें थांबतों, कारण सभा-समितींचा अनुभव तुम्हांलाही आहे. ग्रामसभेंत, सोसायटींत, शाळेच्या व्यवस्थापन समितींत दहा माणसें बसतात, चहा येतो, रजिस्टर फिरतें, सह्या होतात. ठराव काय होता हें घरीं गेल्यावर बायको विचारते तेव्हां आठवावें लागतें. एकतीस हात वर असतांना आपला हात खालीं ठेवणें सोपें नाहीं. उद्यां त्याच माणसांशीं गांठ पडावयाची असते, आपली बिलें, आपले अर्ज, आपल्या मुलाची नोकरी त्यांच्याच दारांत अडकलेली असते. असा हात खालीं ठेवण्याची ताकद माणसाला सभागृहांत येत नाहीं. ती आधीं कोठेंतरी कमावून आणावी लागते. जोतीरावांनीं ती १८४९ सालीं बापाच्या उंबऱ्याबाहेर पडतांना आणि १८६८ सालीं हौदावर कमावली होती.

तिसरी गोष्ट मंडईची, आणि ती तुम्हां शेतकऱ्यांना लागणारी आहे. पुण्यांत मोठी थोरली मंडई बांधावी असें ठरत होतें. लाखों रुपयांचा खर्च. जोतीरावांनीं विरोध केला. आधीं शिक्षणाकडे पाहा, मग इमारतीकडे, असें त्यांचें म्हणणें. विरोध चालला नाहीं. मंडई बांधून १८८६ सालीं उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव दिलें.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर मंडई हवीच होती. भाजीपाला उन्हांत सडतो, पावसांत भिजतो, हें आम्हांला कळतें. हळदीचा ढीग घेऊन रात्र रात्र बाजारांत पडून राहणें काय असतें हें हिंगोलीच्या माणसाला पुण्याच्या माणसानें सांगावयास नको. भाजी पिकविणाऱ्या घराण्यांतल्या जोतीरावांना तें ठाऊक नसेल असेंही नाहीं. त्यांचा प्रश्न क्रमाचा होता. तिजोरींत पैसा एवढा, आधीं कोणाचें? या प्रश्नावर दोन प्रामाणिक माणसांचीं दोन मतें होऊं शकतात, आणि आम्ही या एका ठिकाणीं जोतीरावांपासून थोडे वेगळे उभे आहोंत. परंतु प्रत्येक खर्चाच्या वेळीं उठून हा प्रश्न विचारणारा एकतरी माणूस सभागृहांत असावा, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. चौकाचें सुशोभीकरण, कमानी, रंगीत दिवे यांचे ठराव आजही येतात, आणि त्याच शहरांत नळाला दिवसाआड पाणी येतें अशी कुरकुर आम्ही ऐकतों.

ऑक्टोबर १८८२ मध्यें हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें जोतीरावांनीं निवेदन दिलें. त्याखालीं स्वतःची ओळख काय लिहिली? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचा सभासद, राहणार जुना गंज पेठ, पुणें. बस्स. निवेदनांत मागणी केली कीं, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, शिक्षक ट्रेनिंग घेतलेले आणि होतां होईल तो शेतकरी वर्गांतले असावे, त्यांना महिना बारा रुपयांपेक्षां कमी पगार नसावा, मुलांना मोडी व बाळबोध वाचन, हिशेब, थोडी शेतकी आणि आरोग्याचे धडे द्यावे. शहरांतल्या प्राथमिक शाळांचा सारा खर्च म्युनिसिपालिट्यांनीं सोसावा. पण शाळांचा कारभार सर्वस्वीं त्यांच्या हातीं देऊं नये, असेंही स्पष्ट म्हटलें. स्वतः सभासद असून सभासदांच्या हातीं सगळें देऊं नका म्हणणारा हा मनुष्य! बरोबर बसणाऱ्यांना तो चांगला ओळखीत होता.

पुढची हकीकत थोडक्यांत. जोतीराव १८९० सालीं वारले. १९२५ सालीं त्याच पुण्याच्या म्युनिसिपालिटींत ब्राह्मणेतर सभासदांनीं, केशवराव जेधे यांच्या पुढाकारानें, जोतीरावांचा पुतळा उभारावा म्हणून प्रयत्न केला. जेधे म्हणजे कान्होजी जेध्यांच्या घराण्यांतले, पुण्यांत तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा करणारे. ठराव फेटाळला गेला, आणि शहरांत मोठें वादळ उठलें. पण मंडईचें रे साहेबांचें नांव पुढें गेलें आणि तिला महात्मा फुले मंडई असें नांव मिळालें. ज्यानें तिच्या खर्चाला विरोध केला त्याच्याच नांवानें आज तेथें भाजी विकली जाते. २००३ सालीं तर जोतीरावांचा पुतळा दिल्लीस संसदेच्या आवारांत बसला. बत्तीसांपैकीं एकतीस जणांचीं नांवें कोणाला आठवतात?

आतां हिंगोलीकडे या.

जातीचा प्रश्न पहिला, कारण तोच आधीं विचारला जातो. आपल्या शेजारचें नरसी गांव नामदेवांचें. घर शिंप्याचें, हातीं सुईदोरा. त्यांचीं पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत. पंजाबांतल्या लोकांनीं तुझी जात कोणती म्हणून दार लावलें असतें तर? राखीव जागा हव्यातच, त्याशिवाय कित्येकांना सभागृहाचें दार दिसलेंच नसतें. परंतु राखीव जागेवर उभा असलेला आपल्या जातीचा माणूसही पारखूनच घ्यावा लागतो. जातीनें जागा मिळते. हात खालीं ठेवण्याची हिंमत तिच्याबरोबर येत नाहीं.

दुसरा प्रश्न कागदाचा. सुप्रीम कोर्टानें २ मे २००२ रोजीं निकाल दिला कीं, लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारानें आपल्यावरचे फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण मतदारांना कळविलें पाहिजे. तसें शपथपत्र नगरपरिषदेच्या उमेदवारालाही द्यावें लागतें. तें मतदाराला पाहतां येतें. किती जणांनीं पाहिलें? आम्हीं मागें एकदां वीसपंचवीस सुशिक्षित मंडळींना विचारलें, एकाही गृहस्थानें पाहिलें नव्हतें. त्या कागदावर गेल्या खेपेचा आणि या खेपेचा आंकडा शेजारीं शेजारीं मांडून वजाबाकी करा. चौथीच्या मुलाला येते ती वजाबाकी. सभासदाला मानधन किती, आणि वाढ किती? राहिलेलें कोणत्या शेतांत पिकलें, हें उमेदवार दारीं आला म्हणजे नम्रपणें विचारावें.

तिसरा कंत्राटाचा. नगरपरिषदेच्या कामांत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा आहे त्याला सभासद होतां येत नाहीं, असें १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा सांगतो. म्हणून काम मेव्हण्याच्या नांवावर असतें. मेव्हणा कोण हें कायद्याला शोधावें लागतें. गल्लीला ठाऊक असतें. येथें तुमचें ज्ञान कोणत्याही कचेरीपेक्षां जास्त आहे. गटाराचें काम कोणीं केलें, तें पहिल्या पावसांत कां खचलें, हें गवंड्याला आणि बेलदाराला विचारा.

चौथा स्त्रियांचा. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. फलकावर मात्र बाईचा फोटो बोटभर आणि नवऱ्याचा हातभर! मत मागावयास नवरा, उत्तर द्यावयास नवरा, पुढें सभेबाहेर मोटारींत बसलेलाही नवराच. १८४८ सालीं सावित्रीबाई शाळेंत स्वतः जात होत्या. शेण-माती त्यांनीं स्वतः अंगावर घेतली, जोतीरावांना पुढें पाठवून घरीं बसल्या नाहींत. येथें आलेल्या माताभगिनींना आमची विनंती कीं, उमेदवार बाईशींच बोला. नळाचें, शौचालयाचें, अंगणवाडीचें, गल्लींतल्या गुत्त्याचें तिलाच विचारा. तिला बोलूं दिलें तर पुष्कळदां ती नवऱ्यापेक्षां बरें बोलते, हा आमचा पालकसभांतला अनुभव आहे.

पैशाविषयीं उपदेश करीत नाहीं, हिशेब सांगतों. समजा, एका मताला कोणीं दोन हजार रुपये दिले. पांच वर्षांचे दिवस अठराशें पंचवीस. भागाकार करा : दिवसाला एक रुपया आणि नऊ-दहा पैसे. तेवढ्यांत अर्धा कप चहाही येत नाहीं. आणि देणारा तो पैसा घरचा देत नाहीं. तो रस्त्याच्या खडींतून, शाळेच्या पत्र्यांतून आणि तुमच्या घरपट्टींतून परत काढतो, व्याजासकट.

उमेदवार दारीं येईल तेव्हां त्याला एवढेंच विचारा कीं, दादा, निवडणूक नव्हती तेव्हां तुमचा हौद कोणता? तो म्हणेल, कसला हौद? मग ही हकीकत त्याला सांगा. कोणी म्हणेल, दुष्काळाच्या सालीं माझ्या विहिरीवरून गल्लीला पाणी दिलें. कोणी म्हणेल, कोरोनाच्या दिवसांत, २०२० सालीं, घरोघर धान्य पोंचविलें. कोणी बाई म्हणेल, दारूचें दुकान हलवावें म्हणून सह्या गोळा केल्या, धमक्या आल्या. त्याची शहानिशा शेजाऱ्यांकडे करा. कोणाला कांहींच सांगतां येणार नाहीं, आणि तो कार्यकर्त्याकडे पाहूं लागेल.

राहिलें शपथपत्राचें. ज्यांना तें वाचतां येत नाहीं, किंवा त्यांतली कायद्याची भाषा लागत नाहीं, त्यांनीं प्रत मिळवून रविवारीं संध्याकाळीं आमच्याकडे यावें. एकाच उमेदवाराची नको, उभे असतील तेवढ्या सर्वांची आणा. आम्ही मोठ्यानें, एक शब्द न गाळतां, आपल्याकडून एक शब्द न घालतां वाचूं. उमेदवारांनाही निरोप द्या. त्यांच्यासाठीं सतरंजी टाकून ठेवूं.